शेवटच्या बांधीला आधी

इंद्राने पावसाचं खातं माझ्या भाटव्यांकडे सोपवलं असतं, तर जगातली सगळी वाळवंटं पहिल्याच आठवड्यात हिरवी झाली असती आणि चेरापुंजीची माणसं छत्र्या काखोटीला मारून अजून आपल्या पाळीची वाट बघत उभी असती. भाटवे म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या अर्जुनी मोरगावच्या बाजूला साळ्याने भाटव्याची टिंगल करावी आणि भाटव्याने ती निमूट ऐकून घ्यावी असा रिवाजच आहे. मीही माझा वाटा पुरेपूर उचलला. मी पडलो मास्तर, जीभ चालवणं हा माझा धंदाच. पण टिंगल करता करता या माणसापुढे मी मनातल्या मनात कधी हात जोडायला लागलो, ते मला कळलंच नाही.

त्यांचं गाव तलावाचं. पाळीखाली, म्हणजे तलावाच्या बांधाखाली, धानाच्या बांधी, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, एकीखाली एक अशी उतरत जातात, आणि अगदी शेवटच्या बांधी टोल्यावरच्या लोकांच्या. टोला म्हणजे मूळ गावापासून सुटलेली वस्ती; काही बौद्धांची घरं, काही गोंडांची. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडलं की पाणी आधी तोंडाशी असलेल्यांनी घ्यायचं आणि उरलंसुरलं शेपटाकडे जाऊ द्यायचं, ही साऱ्या मुलखाची रीत. पाणी वाटायचं काम गावाने भाटव्यांकडे दिलं आणि त्यांनी ती रीत उलटी करून टाकली. पाणी थेट टोल्यापर्यंत न्यायचं, शेवटची बांधी भरली की तिच्या वरची, मग तिच्या वरची. "तोंडाशी पाणी सोडलं तं शेपटाले जात नाही. शेपटाले पोचलं तं तोंडाले भेटतेच," एवढंच त्यांचं म्हणणं. गंमत अशी की, त्यांची स्वतःची बांधी बरोबर तुडुमाच्या तोंडाशी. पाणी तिच्या नाकासमोरून वाहत जायचं आणि तिला भेगा पडलेल्या असायच्या. माझी बहीण, जिला आम्ही सगळी भावंडं बाई म्हणतो, कपाळाला हात लावून म्हणायची, "आपल्या बांधीतले बेंडकं दुसऱ्याच्या बांधीत पोहाले जाऊन राहिले, आन् हे पाहून राहिले."

मधल्या कुणी चोरून बांध फोडून पाणी वळवलं तर भाटवे भांडत नसत. तक्रार नाही, शिवी नाही. ते त्या माणसाच्या अंगणात जाऊन बसत. नुसतं बसत. चहा दिला तर पीत, जेवायला विचारलं तर 'झालं' म्हणत, आणि समोरच्या भिंतीकडे इतक्या आस्थेने बघत, की घरच्या माणसांना त्या भिंतीत काहीतरी बिघडलंय असं वाटू लागे. शेवटी घरधनी फावडं उचलून निघे आणि बांध बुजवून येई. मग भाटवे उठत, धोतर झटकत, "बरं हाय, येतो मंग" म्हणत. एका बहाद्दराने दारच लावून घेतलं होतं. भाटवे बाहेर ओट्यावर बसले. माणूस मागच्या दाराने गेला आणि बांध बुजवून मागच्याच दाराने आत आला. भाटव्यांनी त्यालाही बंद दारातून 'येतो मंग' म्हटलं.

हा नियम बांधीपुरता राहिला असता तर एक वेळ चाललं असतं. पण तो त्यांच्या अंगातच मुरला होता. बसमध्ये चढायला ते शेवटी. देवळात नारळ फुटला की ते खोबरं घेऊन थेट मागे, चपलांपाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांकडे. माझ्या भाचीच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नात त्यांनी वाढप्यांना शेवटच्या पंगतीकडून सुरुवात करायला लावली. वरपक्ष अर्थातच मांडवाच्या पहिल्या तोंडाला. भाताच्या, वरणाच्या बादल्या समोरून जातायत आणि व्याही कोरड्या पत्रावळीकडे बघतायत. व्याह्यांचा पारा चढला. ते उठायलाच निघाले होते. भाटवे त्यांच्यापाशी जाऊन उकिडवे बसले आणि फार मायेने म्हणाले, "वरण शेपटाकडून येऊन राहिलं, व्याहीबुवा. गरमच येईन." व्याही पुन्हा मांडी घालून बसले. बाई त्या दिवशी नवऱ्याशी बोलली नाही. जावई मात्र हसून हसून लोळला, आणि मला वाटतं, तिथेच ते लग्न टिकणार हे नक्की झालं.

ही भाची नर्स. नवऱ्याबरोबर आखातात गेली, तिथे दवाखान्यात लागली आणि तिथेच तिला मुलगी झाली. बाई आजी झाली, पण नातीचं तोंड काही दिसेना. गावात फोनची रेंज म्हणजे थट्टाच होती. तलावाच्या पाळीवर चढलं, तोंड आमच्याकडच्या प्रतापगडाच्या डोंगराकडे केलं आणि वारा पडलेला असला, तर आवाज येई. चेहरा येत नसे. बाई पाळीवर उभी राहून फोन कानाला लावी, पलीकडून बाळाचं रडणं ऐकू येई आणि बाई इकडे पदर डोळ्याला लावी. घरी आल्यावर मला म्हणे, "रडते कशी ते मालूम झालं रे. दिसते कशी ते नाही." तिला एकच हवं होतं: आपल्या घरात, आपल्या खाटेवर बसून नातीला डोळे भरून पाहायचं.

अशात पंचायतीत नेटची तार आली. त्याचीही कथाच आहे. आली म्हणजे जमिनीखालून आली, भिंतीवर डबा बसला, फोटो निघाले, नारळ फुटला. आणि डब्यातला दिवा काही लागेना. महिन्यांमागून महिने गेले. पाल डब्यामागे राहायला आली. भाटवे तेव्हा पंचायतीचे मेंबर होते. सरपंचांनी अर्जांवर अर्ज केले. भाटव्यांनी छत्री घेतली, अर्जुनीची बस धरली आणि तिथल्या तार-ऑफिसच्या व्हरांड्यात जाऊन बसले. साहेब गोंदियाकडचे, हिंदी बोलणारे. त्यांनी विचारलं, "काका, क्या काम है?" भाटवे म्हणाले, "काम तुमचंच हाय. तुमी करा, मी बसलो हाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा बस, पुन्हा व्हरांडा, पुन्हा भिंत. मी अर्जुनीतली माझी शाळा सुटल्यावर त्यांना आग्रहाने घरी जेवायला न्यायला गेलो, तर साहेब मलाच बाजूला घेऊन हळूच विचारू लागले, "मास्टरजी, ये दीवार में क्या देखते हैं?" काही दिवसांत जीप भरून माणसं आली आणि दिवा लागला. हिरवा. गाव डबा बघायला असं लोटलं, जसं मंडईच्या जत्रेतलं नाटक बघायला लोटतं.

आता पंचायतीचं घर आणि बाईचं घर यांच्यात एकच भिंत आहे. बाईच्या न्हाणीघरात तांब्या पडला तर ग्रामसेवक दचकतो, इतकं जवळ. डब्यापासून घरोघर जोडण्या द्यायच्या ठरल्या. पण तार थोडी थोडी मिळणार, म्हणून क्रम लावायला ग्रामसभा भरली. बाई पहिल्यांदाच ग्रामसभेला गेली, नवं लुगडं नेसून. सरपंच म्हणाले, जवळच्यांपासून सुरू करू, सोयीचं आहे. बाईने मान डोलवली. तोच भाटवे उठले. "पहिली तार टोल्यावरच्या शाळेले. मंग तिथली घरं. मंग इकडं सरकत या," ते म्हणाले. तारवाला, म्हणजे जोडण्या करणारा माणूस, बिचारा समजावू लागला की काका, ये पानी नहीं है, तोंडाशी घेतलं म्हणून शेपटाला कमी पडत नाही. भाटवे म्हणाले, "कमी पडत नसन. पण तोंडाशी लागली का तुमची जीप टोल्यापर्यंत येत नाही, हे मी पाहून राहिलो." सरपंचांनी मत मागितलं. हात वर झाले. बाईचा सोडून सगळ्यांचे.

टोल्याची तार काढायला सरळ वाट एकच होती: बाईच्या अंगणातून, गोठ्यावरून. त्या दिवशी मी तिथेच होतो. बाई कंबरेवर हात ठेवून वर बघत होती. "तार माह्याच अंगणातून जाऊन राहिली, आन् माहीच नात मलेच दिसत नाही. असा माणूस कोनाच्या नशिबी नसो." भाटवे शिडी धरून उभे होते. त्यांनी शिडी आणखी घट्ट धरली.

मग सुरू झाल्या रविवारच्या वाऱ्या. दर रविवारी ऊन कललं की ते दोघं पाळीवरून टोल्याला निघत. बाई पुढे, फणफणत. भाटवे मागे, छत्री घेऊन. शाळेच्या व्हरांड्यात बसून बाई फोन लावी आणि नात दिसे. पण एकट्या बाईला कुठली दिसायला? अख्खा टोला गोळा होई. अंगणवाडीची बाई नातीचे दात मोजी, कुणी म्हणे डोळे आजोबांचे, कुणी तिला अंगाई म्हणे. पोरीला खोकला झाला तर टोल्यावरची प्रत्येक बाई वेगळं औषध सांगे आणि माझी नर्स भाची तिकडून हात जोडून ऐके. भाटवे सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून. मी एकदा त्यांना म्हटलं, "भाटवे, एक जोडणी आधी घेतली असती तर आभाळ कोसळलं असतं काय? बाईसाठी?" त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "मास्तर, एकडाव घेतली का मंग मी कोनाच्या अंगणात जाऊन बसू?"

जोडण्या टोल्यावरून गावाकडे सरकत आल्या. रेंगाळत, अडत, कधी तार संपली म्हणून, कधी नांगराने तुटली म्हणून. अगदी दोन-तीन घरांवर येऊन ठेपल्या आणि भाटव्यांच्या छातीत दुखायला लागलं. गोंदियाच्या दवाखान्यात ठेवलं. त्यांच्याजवळ मी होतो. बाईला घरी गुरं-ढोरं, ती एक दिवसाआड येई. एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "तारवाल्याले फोन लाव." मी लावून दिला. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "भाऊ, उद्या पहिले आमच्या घरी लाव. बाकीचे मंग."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. तलावाचं पाणी उलटं चढताना पाहिलं असतं तरी मी इतका हादरलो नसतो. ते माझ्याकडे बघेनात. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "लय वाट पाहली तिनं. माह्या मागं तिले पाळीवरून टोल्यावर कोन नेईन?"

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीने गाव गाठलं. ही बातमी बाईला मीच सांगायची, असं मी ठरवलं होतं. तारवाला आलाच होता, शिडी भिंतीला लागली होती. मी सगळं सांगितलं. बाईचा चेहरा आधी खुलला, असा खुलला की मला तिचं लग्नातलं रूप आठवलं. मग तिने शिडीकडे पाहिलं. "आपल्या आधीच्या घरायचं झालं काय?" तिने विचारलं. तारवाला म्हणाला, "नहीं काकी, काका बोले पहिले आपका."

"मंग खाली उतर," बाई म्हणाली. "आधी त्याईचं कर."

मी म्हटलं, अगं बाई, त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. तिने मला गोठ्याकडे ओढत नेलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज करडा होता. "त्याईनं असं सांगतलं, हे गावात कोनाले बोलजो नोको. जनमभर ज्या गोष्टीपायी मी त्या माणसाशी भांडली, ते माह्यापायी मोडू देऊ काय?" तारवाला शिडी खांद्यावर घेऊन शेजारच्या आळीला गेला. बाई गोठ्यात शिरली आणि बराच वेळ गाईच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली.

दवाखान्यात परतलो तर भाटवे उशीला टेकून बसले होते. "दिसली काय नात तिले?" मला खोटं बोलता आलं असतं, पण त्या माणसापुढे ते जमेना. झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी भाटव्यांना रडताना पाहिलं. धोतराच्या सोग्याने डोळे पुसत ते म्हणाले, "मास्तर, तलावाचं पाणी हिच्याच हाती द्यायचं होतं रे. मी उगीच पुढं पुढं केलो."

ते घरी आले. जोडणी आपल्या क्रमाने आली, सगळ्यांच्या शेवटी. खाटेवर बसून दोघांनी नातीला पाहिलं. पण तसे रविवार भाटव्यांच्या वाट्याला फार आले नाहीत. पावसाळा लागायच्या आत ते गेले. त्यांना पोचवायला सगळ्यात आधी टोला आला होता.

आता नात चुरूचुरू बोलते. मी सुटीच्या दिवशी बाईकडे जातो. फोन लागतो, पडद्यावर पोरीचं तोंड येतं, शेजारपाजारच्या बाया येऊन बसतात. बाई फोन उभा करून ठेवते आणि स्वतः सरकत सरकत पार मागे, दाराच्या चौकटीपाशी जाऊन बसते. मी म्हणतो, "अगं, तुझी नात आहे, तू बस ना पुढे." ती मान हलवते.

"पाहू दे त्याईले आधी," ती म्हणते. "मी हायच मंग."