कान न बघता घेतलेल्या काठ्या

शहागंजातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानदारानं मला फसवलं. माझ्याच गोल्फच्या काठ्या त्यानं मला विकल्या. निदान पहिले दोन दिवस माझी तक्रार एवढीच होती आणि भेटेल त्याला मी ती ऐकवत होतो.

ऐकणारे हसायचे. त्यांचंही बरोबर होतं. या शहरात मला फसवणं सोपं नाही अशी माझी ख्याती आहे, आणि ती बरीचशी मीच पसरवलेली आहे. बाप मेंढरं राखायचा. मी स्टेशनजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका जुन्या लेथवर सुरुवात केली, आणि वाळूजला मोठे कारखाने यायला लागले तोवर माझ्या तीन शेड झाल्या होत्या. पोलादाचा गज बोटानं वाजवून मी त्याची जात सांगतो. मला येताना बघून भाजीवाली मेथीच्या चांगल्या जुड्या गोणपाटाखाली सारते, असं बायको म्हणते. रागाचं म्हणाल तर एका गिऱ्हाइकाच्या ऑफिसात मी फोन असा आपटला होता की दुसऱ्या दिवशी नवा नेऊन द्यावा लागला.

अशा माणसाच्या हातात गोल्फची काठी देणं हाच मुळात वेडेपणा. तो एका मित्रानं केला. तो मोठ्या कारखान्यात इन्स्पेक्टर होता. माझा माल गेज लावून तपासायचा आणि पास-नापास ठरवायचा. पहिल्याच वर्षी त्यानं माझी अख्खी खेप नापास केली. मी भांडायला गेलो. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, रविवारी सकाळी छावणीत या, तिथं राग काढायला जागा मोकळी आहे. त्याचे वडील छावणीत मेसमध्ये कामाला होते. साहेबांच्या पिशव्या वाहता वाहता तो हा खेळ लहानपणीच शिकला होता.

छावणीतलं मैदान म्हणजे माळच. हिरवळ पावसाळ्यापुरती. भोकाभोवती तेल पाजलेली काळी वाळू, तिच्यावर चेंडू सरपटवायचा. एका बदली झालेल्या अधिकाऱ्याकडून मी लोखंडी काठ्यांचा जुना संच घेतला. गोल्फवाले त्यांना आयर्न म्हणतात. तीन नंबरपासून नऊपर्यंत, आणि वर एक आखूड, चेंडू उंच उडवायची. माझा आवडता सात नंबर. सात नंबरनं मी एकदा चेंडू सोडून लिंबाच्या बुंध्यालाच हाणलं. दांडा वाकला. मित्र पोट धरून हसला. "शेठ, लिंबानं काय घोडं मारलं तुझं?" मी दांडा कारखान्यात नेऊन प्रेसवर सरळ केला. वर सगळ्या काठ्यांच्या मुठीची रबरं काढून आत पंचानं खूण ठोकली: दोन टिंबं, एक रेघ. आमच्या मेंढरांच्या कानाला असायची तीच.

चार वर्षं आम्ही खेळलो. मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. गावोगावी दलित वस्त्या जळाल्या. मित्र बौद्ध. त्याच्या गावाकडची माणसं घरं सोडून शहरात त्याच्या दोन खोल्यांत आली. खेळ थांबला. त्याच आठवड्यात मी माझ्या काठ्या त्याला देऊन टाकल्या. मोठ्या मनानं दिल्या, असं मी पुढं पंधरा वर्षं सांगत आलो.

पंधरा वर्षांत शहर ओळखू येईना झालं. मोर्चे झाले, बंद झाले, माझं काम वाढलं, पोट वाढलं. मित्राची आणि माझी गाठ फक्त मालाच्या कागदावर पडायची. तिथं त्याची सही असायची आणि माझा शिक्का. शेवटी विद्यापीठाला नवं नाव मिळालं. त्या वर्षी कळलं की तो दिवाळीनंतर रिटायर होणार, आणि रविवारी सकाळी छावणीत पुन्हा खेळतो. एकटाच खेळतो.

मला त्याच्याबरोबर पुन्हा खेळायचं होतं. तो रिटायर झाला की कागदावरची गाठही संपणार होती, तेव्हा जे करायचं ते दिवाळीआधी. पण रिकाम्या हातानं कसं जायचं? दिलेल्या काठ्या परत मागणं शोभलं नसतं. नव्या घेणं आलं.

मी चौकशीला लागलो. वाळूजच्या एका मॅनेजरनं त्याचा परदेशी सेट दाखवला. पात्यांची पाठ पोखरलेली. म्हणाला, फटका थोडा चुकला तरी ही काठी सांभाळून घेते, माफ करते. मला ते पटेना. माझ्या मित्राच्या गेजनं मला कधी केसभर माफ केलं नव्हतं, आणि काठीनं करावं? मग तो म्हणाला, तुमच्या वयाला दांडा हलका, ग्रॅफाइटचा घ्या. 'तुमच्या वयाला' ऐकून मी चहा अर्धा ठेवून उठलो. बायको म्हणाली, वय त्यानं नाय वाढवलं, वर्षांनी वाढवलं, त्याच्यावर कशाला चिडता? मुंबईच्या दुकानातून किमतीचा कागद मागवला. तो वाचून माझं वय आणखी वाढलं.

तेव्हा कुणीतरी शहागंजातलं ते दुकान सांगितलं. बदलीवर जाणाऱ्या अधिकाऱ्यांचं सामान तिथं येतं. आत गेलो. म्हातारे दुकानदार घड्याळांच्या मधे बसले होते. समोरच्या काचेत एक चकचकीत सेट होता, आणि मागं कोपऱ्यात, सतारीच्या खोळीला टेकून, धुळीनं माखलेल्या कॅनव्हासच्या पिशवीत दुसरा. त्या दुसऱ्यावर माझं मन तिथल्या तिथं बसलं. का बसलं ते सांगता येत नव्हतं. पिशवीतून डोकावणारं जुनं पातं, बारीक मान, पोलादी दांडा. हे आपलं आहे असं वाटलं. तसं वाटायला कारण होतं, पण ते मला नंतर कळलं.

आता माझ्या बापाचा नियम सांगायला हवा. मेंढरांच्या बाजारात तो मला म्हणायचा, "ज्याच्यावर मन बसलंय, त्याच्याकडं नदर टाकायची नाय. हात तर लावायचाच नाय. नदर गेली की भाव गेला." घ्यायचं असेल काळं, तर पांढऱ्याचे दात बघायचे, पाठ दाबायची, पाय उचलून बघायचे, नावं ठेवायची. विकणारा थकला की जाता जाता म्हणायचं, बरं, ते काळं तरी देतोस का? माझा सगळा धंदा मी याच नियमावर उभा केला आहे.

म्हणून तासभर मी चकचकीत सेटची परीक्षा घेतली. एकेक काठी वाजवली. दांडे डोळ्यापुढं धरून बाक बघितला. पात्यांना नखानं खरवडलं, लोहचुंबक लावलं, वजनाला नावं ठेवली. दुकानदार मधेच कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, "सेठ, वो भी देखो. हाथ में लेके देखो तो सही." मी तिकडं मानसुद्धा वळवली नाही. ते तीनदा म्हणाले. तिन्ही वेळा मी मनात हसलो, की म्हातारा खपत नाही ते गळ्यात मारायला बघतोय. शेवटी उठता उठता, चप्पल घालत, पाठ त्यांच्याकडं असताना मी म्हणालो, बरं, ते कोपऱ्यातलं भंगार तरी द्या, रिकाम्या हातानं काय जायचं. त्यांनी दिलं. पिशवीची गाठसुद्धा न सोडता मी ती गाडीत टाकली आणि घरापर्यंत स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या अंगणात सात नंबरच्या मुठीचं कडक झालेलं रबर ब्लेडनं कापलं. आत दोन टिंबं, एक रेघ.

मी बाकीची रबरंही कापली. सगळ्यांत तीच. सात नंबरचा दांडा डोळ्यापुढं धरला. प्रेसवर सरळ केल्याची बारीक लहर अजून होती. आदल्या दिवशी बघितली असती तर तिथंच दिसली असती. बाप असता तर हसून लोळला असता. धनगराच्या पोरानं कान न बघता मेंढरू घेतलं, आणि ते त्याच्याच कळपातलं निघालं.

दोन दिवस भेटेल त्याला हे ऐकवून झाल्यावर मी शहागंजात गेलो आणि रस्त्यावरची माणसं आत डोकावतील इतका ओरडलो. दुकानदारांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं नाही. मी थांबल्यावर म्हणाले, "मैंने तीन बार बोला, हाथ में लेके देखो. आप उस चमकीले को सूंघते बैठे." मग काठ्या आल्या कुठून, या माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. नामांतराच्या दंगलीच्या दिवसांत एक साहेब पावसात भिजत आले, काठ्या ठेवल्या, मिळाले ते घेतले आणि गेले. "भाव भी नई किए, इत्ती जल्दी में थे. तब से पड़े थे. लोगां लोहे का सरिया समझ के पूछते थे."

म्हणजे दुकानदारानं मला फसवलं नव्हतं. माझी तक्रार आता मित्राकडं वळली. मी मोठ्या मनानं दिलेली वस्तू त्यानं त्याच आठवड्यात विकली होती. रविवारी सकाळी मी पिशवी खांद्याला लावून छावणीत गेलो. रस्ताभर बोलायची वाक्यं ठरवली होती, त्यातली दोन तर चांगली होती.

तो पहिला फटका मारायच्या तयारीत होता. केस पांढरे, पाठ अजून ताठ. मी सात नंबर त्याच्या हातात दिला. त्यानं उघड्या दांड्यावरच्या खुणेवरून अंगठा फिरवला.

"कुठं सापडल्या?"

"शहागंजात. तू विकल्यास."

"विकल्या," तो म्हणाला. "पत्रे आणले त्याचे. गावाकडची अकरा माणसं होती घरात, वरून पाऊस. अंगणात आडोसा केला."

मी म्हणालो, पैसे हवे होते तर मला मागायचे, मी नाही म्हटलं असतं का?

त्यानं काठी मला परत दिली. "मी तुम्हाला शेड मागितली होती. महिनाभरासाठी. काठ्या मागितल्या नव्हत्या."

पंधरा वर्षांपूर्वी तो मला 'तू' म्हणायचा. ठरवलेली वाक्यं मला आठवेनात. मी म्हणालो, शेड भरलेली होती, नवा प्रेस यायचा होता.

"आला कधी?"

"दिवाळीनंतर."

"आणि मी आलो होतो पावसाळ्यात." त्यानं खाली वाकून चेंडू नीट ठेवला. "शेड रिकामी होती का भरलेली, ते आधी सांगा. मग बरोबर खेळू. मला घाई नाही, पण दिवाळीनंतर मी मुलाकडं पुण्याला जातोय."

मग त्यानं फटका मारला. सरळ गेला, नेहमीसारखा. मी पिशवी घेऊन लिंबाखाली उभा राहिलो.

तेव्हापासून चार रविवार झाले. मी जातो, तो पुढं खेळतो, मी मागून एकटाच खेळतो. माझे फटके बाभळीत जातात. मला त्या पोखरलेल्या पाठीच्या, माफ करणाऱ्या काठ्यांची आठवण येते. या चार रविवारांत मी मनातल्या मनात बरीच उत्तरं तयार केली: शेडचा विमा नव्हता, शेजारचे शेडवाले काय म्हणाले असते, माझी निम्मी गिऱ्हाइकं नामांतराच्या विरोधातली होती, त्यांनी काम काढून घेतलं असतं. सगळी खरी आहेत. पण माल विकायला निघालेला माणूस खोट लपवण्यासाठी जे बोलतो, तसलीच आहेत.

त्या पावसाळ्यात माझी तिसरी शेड रिकामी होती. आत एक सायकल आणि सिमेंटच्या चार रिकाम्या गोण्या. किल्ली माझ्या खिशात होती. दारात भिजत उभ्या असलेल्या माणसानं छप्पर मागितलं, आणि मी घासाघीस करून गोल्फच्या काठ्यांवर त्याची बोळवण केली.

हे मी लिहून काढलं आहे. येत्या रविवारी हाच कागद त्याच्या हातात देणार आहे. दुकानदार सुटला, मित्र सुटला. पण ज्या शेठनं शेड भरलेली आहे म्हणून सांगितलं, त्यानं याचा जाब दिलाच पाहिजे. तो घासाघिशीत पटाईत आहे, विमा काढील, प्रेस काढील, गिऱ्हाइकं काढील. या वेळी, मित्रा, त्याला काहीही कमी करून देऊ नकोस.