मस्कत ते सिरोंचा, व्हाया हैदराबाद

आई गेली तेव्हा मी मस्कतला एका इमारतीच्या गच्चीवर एसी दुरुस्त करत होतो. सुपरवायझरच्या मोबाईलवर सिरोंच्याहून माझ्या धाकट्या भावाचा, शंकरचा फोन आला. २००३-०४ च्या सुमाराची गोष्ट... ऑगस्ट महिना.

"दादा, तू येईपर्यंत थांबतो आमी," एवढंच म्हणाला.

त्याच रात्रीचं तिकीट मिळालं. मस्कत ते हैदराबाद सुमारे बावीसशे किलोमीटर, विमानाला तीन-साडेतीन तास. मनात म्हटलं, पोचतो आपण. पुढे बसने दुसऱ्या दिवशी दुपारी गोदावरीच्या काठावर, कालेश्वरमला उतरलो. समोर पलीकडे सिरोंचा.

मध्ये नदी... लाल, गढूळ, झाडंच्या झाडं वाहून नेणारी. तेव्हा पूल नव्हता. घाटावरच्या म्हाताऱ्या नावाड्याने माझी बॅग बघूनच मान हलवली. "पडव लेदु, अण्णा." नाव नाही. चंद्रपूर-आलापल्लीचा फेरा घ्यावा, तर तिकडचे नालेही रस्त्यावरून वाहत होते.

एसटीडी बूथवरून घराजवळच्या किराणा दुकानात फोन लावला. शंकर धावत आला.

"थांब तिथीच. मी डोंगा घेऊन येतो तुले आणाले."

आमचं घर मासेमारीचं. शंकर नदीला घाबरणारा नाही, आणि लहानपणापासून कोणाचं ऐकणाराही नाही.

"नको येऊ. पाणी पाह्यलं का तू? आग तूच दे."

"मोठा त तू हायेस. मी कसा देऊ?"

"दे म्हणतो ना. कालपासून ठेवलं तिले... अजून किती ठेवशीन?"

तो रडायला लागला. फोन कोणी ठेवला ते आठवत नाही.

संध्याकाळी पलीकडच्या घाटावर माणसं जमली. एवढ्या लांबून शंकर कोणता, तेही ओळखू येत नव्हतं. मग धूर दिसला. मी चपला काढून तिथूनच हात जोडले... नावाडी शेजारी येऊन उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. शंकर स्वतः डोंगा घेऊन न्यायला आला, डोकं भादरलेलं.

अर्ध्या नदीत वल्हवता वल्हवताच म्हणाला, "तू नको म्हणला नसता, त मी आलोच असतो."

"मले मालूम हाये," मी म्हटलं.

आईचा चेहरा शेवटचा बघायचा राहिला, तो राहिलाच. आजही त्याची टोचणी आहे. पण त्या दिवशी माझ्या हट्टी भावाने आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं... त्याचे हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आज लिहितोय.