एकाच तळ्याचे रेनबोफिश

मासे पाळणाऱ्या मंडळींनो, आज सकाळी टाकीत भलतेच मासे दिसले. माझ्या टाकीतले निळे रेनबोफिश एकाच तळ्याचे. तो वाण मी सात वर्षं शुद्ध राखलाय. आणि त्यांच्यात दुसऱ्या तळ्याचे दोन फिरत होते! बायकोनं, पारूनं, काल रामनगरच्या भावाकडून आणून सोडलेले.

“अवो, तेबी रेनबोच न्हवं? खेळतील की!”

“पारू, बियाण्याच्या भातात तू दुसरं भात मिसळशील?”

“छ्या! पुढल्या साली शेतात भेसळ उगवंल...” बोलता बोलता ती थबकली. मग स्वतःच जाळी घेऊन तिनं दोघांना बाहेर काढलं.

पण माशांना अंडी घालायला टाकीत सोडलेल्या लोकरीच्या झुबक्यावर आजची अंडी होती. शुद्ध की मिसळलेली, कसं कळणार? टाकून द्यायला माझा हात उठेना.

पारू म्हणाली, “ती मी वाढवीन. फकस्त कुणाला शुद्ध म्हणून देऊ नगा.”

तिच्यासाठी वेगळी टाकी मांडतोय. तुम्ही ती अंडी ठेवली असती का?