मास्तर सुट्टीवर गेले, गच्चीपर्यंत

आमच्या शेजारचे टेलर मास्तर गिऱ्हाइकांचं कापड घेऊन पळाले, ही बातमी सकाळी दूधवाल्याने आणली आणि दुपारपर्यंत तिला हातपाय फुटले. कुणी म्हणे टेम्पो भरून गेले, कुणी टेम्पोचा रंगही सांगितला. पुरावा एकच, पुढच्या दाराला भलंमोठं कुलूप. ज्याचा सूट आत अडकला होता तो बँकेतला कॅशियर ते कुलूप हलवून हलवून घामाघूम झाला.

तर खरी गोष्ट सांगतो. मास्तर कुठेही पळाले नव्हते. घरातच होते आणि मागच्या दाराने ये-जा करत होते. त्यांची गच्ची आमच्या गच्चीला लागून आहे, त्यामुळे मला सगळं दिसतं. जे दिसत नाही ते ऐकू येतं.

झालं असं की मास्तर दरवर्षी बायकोला थंड हवेच्या ठिकाणी न्यायचं कबूल करत आणि दरवर्षी कुणाच्या तरी लग्नाचे कपडे मध्ये येत. यंदा तर हॉटेलांचे दर ऐकूनच मास्तरांना थंडी वाजली. "घरीच सुट्टी करू," ते म्हणाले, "हॉटेलात होणार नाही अशी बडदास्त ठेवतो." पण यांचं घर म्हणजेच दुकान. पुढच्या खोलीत मशीन, तिथेच जेवण, तिथेच मापं. वहिनी काही कच्च्या गुरूच्या चेल्या नाहीत. त्यांनी कात्र्या, टेप, सुयांचा डबा, सगळं कपाटात कोंबलं आणि किल्ली गळ्यात घातली.

"सुट्टीत सुईला हात लावलात," त्या म्हणाल्या, "तर मी पोरींना घेऊन बहिणीकडे. आणि पुन्हा सुट्टीचं नाव काढू नका."

बाहेरचं कुलूपही त्यांचंच.

पहिले दोन दिवस मास्तर खरंच शब्दाला जागले. खांद्यावर टॉवेल टाकून वेटर झाले. थोरलीने पलंगावरूनच टोस्ट मागवला, धाकटीने तो करपलाय म्हणून परत पाठवला. वहिनींनी तर चहा मागवायला पूजेतली घंटा घेतली आणि ती इतकी वाजवली की आमच्या हिने मला विचारलं, "तुम्ही कधी शिकणार?"

तिसऱ्या दिवशी गच्चीवर तंबू ठोकायचं ठरलं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोऱ्या बांधल्या, जुने पडदे टाकले, कडांना कपड्यांचे चिमटे लावले आणि आत सतरंजी अंथरली. पोरी पत्ते खेळत बसल्या, वहिनी मासिक तोंडावर घेऊन झोपल्या. मास्तर मात्र एका पडद्याकडे टक लावून बसले होते. तो एका बाजूला बोटभर खाली आला होता. त्यात वारा सुटला आणि चिमटे पटापट उडू लागले.

आता एक गोष्ट वहिनींनाही ठाऊक नव्हती. मास्तरांच्या कॉलरच्या मागे एक सुई कायम टोचलेली असते, दोऱ्यासकट. अंघोळीनंतर ती नव्या शर्टात जाते, आपल्या खिशात रुमाल जातो तशी.

मी कुंड्यांना पाणी घालत होतो. बघतो तर तंबू आतून हळूहळू तंग होतोय. फट मिटत गेली, कडा सतरंजीला जोडल्या गेल्या, सुरकुती म्हणून उरली नाही. मग दाताने दोरा तोडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ धाकटीचा.

"बाबा, मला शू लागलीय. बाहेर कुठून जायचं?"

मग तंबूला चारी बाजूंनी हाताचे पंजे फुटू लागले.

"अहो!" वहिनी जाग्या झाल्या होत्या. "ही शिवण कुणी घातली?"

"वारा येत होता गं."

"वाऱ्याने शिवली? कुठून आणलीत सुई? बास झालं. मी आत्ताच्या आत्ता बहिणीकडे निघाले!"

त्या तावातावाने उठल्या असाव्यात, कारण तंबूच्या छताला एक डोकं आलं आणि तिथेच थांबलं. थोरली खिदळायला लागली. मीही कठड्यावर ओणवा होऊन हाक मारली, "मास्तर, उसवा की!"

"दुहेरी दोरा आहे," आतून उत्तर आलं. "उसवत नाही."

"वहिनी, कात्री आणू?"

"आणा भाऊजी, लवकर! पोरगी थांबायची नाही."

घरात जाऊन कात्री आणली, कठडा ओलांडला आणि पडदा उभा कापला. धाकटी बाणासारखी जिन्याकडे सुटली. मागून वहिनी बाहेर आल्या, केस विस्कटलेले, चेहरा लाल. रागाने म्हणावं तर ओठ आवरत नव्हते.

"हसू नका भाऊजी. तुम्हीच सांगा. सुट्टीत काम करायचं नाही असं ठरलं होतं की नाही? यांनी केलं की नाही? आता मी जायचं की नाही?"

मी मास्तरांकडे पाहिलं. ते आत मांडी घालून बसले होते, मी कापलेली कड हातात धरून, माझ्या हाताला नावं ठेवत.

"अगं," ते मान वर न करता म्हणाले, "हे काम असतं तर मी दार विसरलो असतो का?"