मोडीत दिलेलं पितळ

सोनगीरच्या किल्ल्यावर सीताफळं तोडायला गेले होते, तेव्हा तटाखालच्या मातीत मला पितळेचा एक तुकडा सापडला. लिंबाएवढा, जड, एका बाजूला आटे पाडलेले. फुकटचं पितळ सोडेन ती मी कसली! घरी आणून चिंचेने लख्ख घासला. महिनाभराने तांबट आळीतल्या नानांकडे फुटक्या तांब्याबरोबर तोही मोडीत दिला. जुनं पितळ द्यायचं, ते वितळवून केलेलं नवं भांडं घ्यायचं, अशी आमच्याकडची रीत.

दुसऱ्या दिवशी माझा धाकटा भाऊ रजेवर आला. तो फौजेत, तोफखान्यात होता. जेवताना मी मोठ्या फुशारकीने त्या तुकड्याचं सांगितलं.

"आटे होते? आणि दुसरं टोक बंद?" त्याने हातातला घास खाली ठेवला. "अक्का, ते तोफगोळ्याच्या तोंडाचं बूच असणार. आत दारू असते. कितीही जुनी असली तरी भट्टीत उडेल."

नानांची भट्टी दुपारीच पेटायची. मी अनवाणी पळत सुटले, भाऊ मागून. आळीत घरोघर हातोड्या चालू होत्या. नानांचं दुकान आलं, तर तिथे एकही ठोका नाही. भट्टीभोवती त्यांचं सगळं घर राबायचं. एका पातेल्याच्या हव्यासापायी मी ते घर मारलं, असंच मला वाटलं.

नाना दारात चहा पीत बसले होते. भावाने विचारलं तेव्हा त्यांनी कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट दाखवलं.

"मी मोड ठोकीसन देखस, मंग भट्टीनी मूसमा टाकस. सारं पितळ खणखण वाजस. हाई वाजनं नही. आतमा काहीतरी भरेल शे, म्हनीसन पानीमा टाकं."

भावाने बादलीत वाकून पाहिलं. "तेच आहे. कोणी हात लावू नका."

नाना माझ्याकडे वळले. "माय, घरमा कोठे ठेवेल व्हतं हाई?"

"चुलीपाशी," मी म्हटलं. पुढचं सांगायची हिंमत झाली नाही. महिनाभर मी त्याने मिठाचे खडे फोडत होते. दोन वर्षांची माझी लेक मांडीवर रडायला लागली, की तो तुकडा तिच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "ठोक."