तिसरे रीळ आधी

रिबेकाबाईंची ओळख झाली ती मी मूकपटाला पियानोची साथ मागायला गेलो तेव्हा. मी पनवेलच्या आमच्या चित्रपट मंडळाचा चिटणीस, आणि प्रोजेक्टरही मीच चालवायचो. बाई म्हणाल्या, "आधी सिनेमा दाखवा. न बघता वाजवणं म्हणजे लोकांना फसवणं." शाळेच्या दमट हॉलमध्ये त्यांनी तो दोनदा पाहिला. पात्रांच्या पावलांवरून त्या लय ठरवत.

बाईंच्या शिस्तीवर या गौरवअंकात इतर मंडळी लिहितीलच. मला एकच प्रसंग सांगायचा आहे आणि तो सांगताना मान खाली जाते.

त्या प्रयोगात मी दुसऱ्याऐवजी तिसरे रीळ लावले. लेकीच्या लग्नाआधीच पडद्यावर बापाची अंत्ययात्रा निघाली. बाईंचे हात क्षणभर थबकले. मग त्यांनी लग्नाचीच धून अगदी संथ वाजवली. पुढच्या रिळात मेलेला बाप लग्नात नाचू लागला, तेव्हा त्याखाली हलकेच अंत्ययात्रेचे सूर धरले. लोकांना वाटले, लेकीला बाप आठवतोय. करंजाहून आलेल्या एक कोळीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बाय, तुमी वाजवलात म्हनून आमाला कललं."

अध्यक्षांनी मात्र विचारले, "मध्येच पियानो अडखळला का हो?"

मी म्हणालो, "बाईंची जरा गडबड झाली."

बाई दोन हातांच्या अंतरावर पियानोचे झाकण लावत होत्या. त्यांनी ऐकले. पुढच्या बैठकीत कॅसेट लावून भागवायचे ठरले, आणि त्या ठरावावर चिटणीस म्हणून सही माझी. खाल्ल्या घरचे वासे मोजणे म्हणतात ते हेच. मला माझी लाज वाटते.

प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी बाई माझ्या घरी आल्या होत्या. जाब विचारायला नव्हे. पांढरा रंग आणि ब्रश घेऊन. "रिळांच्या डब्यांवर आकडे मोठे काढू या, अंधारात दिसत नाहीत," म्हणाल्या आणि बसून सगळे काढून गेल्या. तेव्हाही माझ्या तोंडून 'चुकलो' निघाले नाही. त्यानंतर त्यांना पियानोवर कुणी बोलावले नाही.

बाईंनी पंचाहत्तरी गाठली आहे. त्यांना ठणठणीत शंभरी लाभो, बोटे अशीच चालोत. सत्काराच्या दिवशी हे पान अध्यक्षांसमोर, भरल्या सभेत मी स्वतः वाचणार आहे. बाई, एवढीच विनंती, मला सांभाळून घेण्यासाठी त्या वेळी मध्ये काही बोलू नका.