जतनबाईंचं पिल्लू आणि कौतिक ड्रेसर

सावद्याच्या गुरांच्या दवाखान्यात कौतिकआबा ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा, होता आणि जनावरांच्या मालकांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. मालक "कालपासून" म्हणाला की आबा चार दिवस धरायचा. "चांगलं खाते" म्हणाला की जबडा उघडून पाहायचा. एकच प्रश्न तीनदा विचारायचा, दर वेळी डोळे आणखी बारीक करून. शेवटी "असंऽऽ?" म्हणायचा, की भलेभले स्वतःच्या गाईचा रंग विसरायचे.

एकोणसत्तर सालच्या फेब्रुवारीत जैन किराणा दुकानदार दलिचंदशेठच्या घरून, जतनबाईंकडून, त्याला बोलावणं आलं. पंधरा दिवसांत त्यांची दोन मांजरं गेली होती. तिसरं, पाच महिन्यांचं पिवळं पिल्लू, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलं होतं. पीत नव्हतं, हलत नव्हतं.

"जहर आहे, कौतिकभाऊ! या शेजारच्या भटूनं घातलं. उद्या पंचांपुढे उभा करते त्याला. तुम्ही फक्त जहर म्हणा."

भिंतीवरून केळीवाल्या भटूनानाचं डोकं लगेच वर आलं. म्हणजे हा ऐकतच होता, आबाने मनात टिपलं.

"मी काहून जहर घालू? तिचे मांजरं माह्या घरचं दूध पेतात, तरी मी कधी दगड मारला का?"

"कधी मारला?"

"एकडाव. लागला नाही."

"असंऽऽ?"

आबाला दोघांचाही संशय आला. बाईंचा जरा जास्त. त्या पाठ करून ठेवल्यासारख्या बोलत होत्या. त्याने पिल्लाची मान चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. हिरड्या पांढऱ्या. थर्मामीटरचा पारा एकशे पाचवर. जमिनीवर पिवळा फेस.

"मेली ती केवढी होती?"

"एवढीच. सहा-सात महिन्यांची."

"आणि तो उंबऱ्यावरचा थोराड बोका? तुमचाच ना? त्याच वाटीत खातो?"

"हो."

"त्याच?"

"हो म्हटलं ना!"

"मग त्याला काही कसं झालं नाही? विष वय विचारत नाही, बाई. साथ विचारते. बोक्याला ती लहानपणीच होऊन गेली असणार."

भटूनाना भिंतीवर आणखी वीतभर वाढला. आबाची नजर मात्र पिल्लाखालच्या पोत्यावर गेली.

"हे कोणाचं?"

"आधीच्या मांजरीचं. यावरच गेली बिचारी. मऊ आहे म्हणून..."

"वाटी?"

"तीच. गल्लीतली सगळी मांजरं यातच जेवतात. जीवदया असते, भाऊ."

आबाने कपाळाला हात लावला. मग एकेक सांगितलं. या रोगावर नेमकं औषध नाही. डॉक्टर कातडीखाली सलाईन देतील, दुसरे जंतू चढू नयेत म्हणून इंजेक्शन देतील. ओकारी थांबेपर्यंत खायला काही नाही. मीठ-साखरेचं उकळलेलं पाणी ड्रॉपरने थेंब थेंब. ऊब द्यायची, बोक्यापासून वेगळं ठेवायचं. पोतं जाळायचं, वाटी आणि फरशी नगरपालिकेच्या ब्लीचिंग पावडरीने धुवायची.

"त्याने तर असंख्य जीव मरतील," जतनबाई म्हणाल्या.

"ते जगले तर पुढचं पिल्लू मरेल."

"माझ्या हातून नाही होणार."

आजवर मालक "करतो" म्हणायचे आणि करायचे नाहीत. "नाही" म्हणणारी ही पहिलीच. आबाने त्यावरही विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता टपकला. फरशी पांढरीफटक, चुलीत पोत्याची राख, आणि बाईंच्या बोटांची सालं निघालेली.

"कोणी धुतलं?"

"मी. आज उपवास आहे माझा. पुन्हा विचारू नका."

चार दिवस आबा असाच टपकत राहिला. चौथ्या दिवशी ताप उतरला होता. ओकारी कालच थांबली होती. पिल्लू उठलं, दोनदा धडपडलं आणि भाताची पेज चाटायला लागलं. जतनबाईंनी तोंडाला पदर लावला.

"हे भटूच्या ओट्यावर बसायचं का?" आबाने विचारलं. "मग तोही धुवावा लागेल. नाहीतर पुन्हा साथ."

बाईंनी क्षणभर भिंतीकडे पाहिलं. मग बादलीत पावडर कालवली, खराटा उचलला आणि तडक शेजारी गेल्या.

भटूनाना धोतर सावरत बाहेर धावला. "आबा! ही बाई माह्या ओट्यावर काय टाकू र्‍हायली? जहर तं नाही ना? तुम्ही वास घ्या पहिले!"